जुन्या पीसीतून घरचा बॅकअप बॉक्स: गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल असा

आमच्या फोंड्याच्या घरी स्टीलचं एक कपाट आहे. वरच्या खणात आजोबांच्या वेळचे पोर्तुगीजमधले जमिनीचे कागद, एक-चौदाचे उतारे, सगळ्यांचे जन्मदाखले, आणि त्यांच्याच शेजारी रुमालात गुंडाळलेली एक टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क असायची. त्या डिस्कमध्ये याच कागदांचे स्कॅन, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ आणि बाबांच्या भजनाच्या अकरा कॅसेटी डिजिटल करून ठेवल्या होत्या. दोन पावसाळे ती कोणी बाहेरच काढली नाही. तिसऱ्या वर्षी चवथीच्या आधी काढून लॅपटॉपला लावली तर आतून नुसता टक टक टक आवाज, ड्राइव्ह दिसायलाच तयार नाही. डेटा रिकव्हरीवाल्याने नव्या लॅपटॉपएवढी रक्कम सांगितली आणि वर गॅरंटी काही नाही. कागद हातात होते म्हणून ते परत स्कॅन केले, पण कॅसेटींना बुरशी आली म्हणून त्या आम्ही आधीच टाकून दिल्या होत्या. चार कॅसेटींचं रेकॉर्डिंग चुलतभावाच्या पेनड्राइव्हवर सापडलं. सात गेल्या त्या गेल्याच.

त्यानंतर मी घरात हा बॉक्स बसवला, म्हणजे घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपच्या फाइलींची प्रत आपोआप ठेवणारा एक जुना पीसी, आणि आता तीन वर्षं तो चालतोय. ज्यांनी याआधी असलं काही केलेलं नाही त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहितोय. कोडिंग येत नसलं तरी चालेल, स्क्रू ड्रायव्हर धरता आला आणि एक शनिवार-रविवार मोकळा असला की पुरे.

आधी किती डेटा आहे ते मोजा

सगळे आधी डिस्कच्या किमती बघायला बसतात, तसं करू नका. घरातला प्रत्येक फोन आणि लॅपटॉप घेऊन बसा आणि फक्त परत मिळू न शकणाऱ्या गोष्टी मोजा: फोटो, व्हिडिओ, स्कॅन, मुलांचे प्रोजेक्ट, हिशेबाच्या फाइली, टॅलीचा डेटा. डाउनलोड केलेले सिनेमे त्यात धरू नका, ते परत मिळतात. आमच्या पाच माणसांचा आकडा साधारण ९०० जीबी आला. त्याच्या तिप्पट-चौपट जागा घ्यायची, कारण फोनचे व्हिडिओ दरवर्षी मोठे होत जातात आणि फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही आपल्याला ठेवायच्या आहेत. म्हणून मी ४ टीबीची डिस्क घेतली.

मशीन

तयार नॅस बॉक्स (घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचं यंत्र) मिळतात, चांगलेही असतात, पण डिस्कशिवायच इतके महाग की त्या पैशात दुसरी डिस्क येते, आणि बॅकअपमध्ये दुसरी डिस्कच महत्त्वाची. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: मशीन जुनं चालेल, डिस्क नवीच पाहिजे.

घरात जुना डेस्कटॉप पडलेला असला तर तोच घ्या. नसेल तर पणजी-मडगावकडे ऑफिसांतून निघालेले पीसी विकणारे असतात, त्यांच्याकडे छोट्या कॅबिनेटचा, इंटेल कोअर आय३ किंवा आय५ सहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, ८ जीबी रॅमवाला पीसी बघा. याहून ताकदवान काही लागत नाही, फाइली ठेवणं आणि देणं हे फार हलकं काम आहे. फक्त लॅन पोर्ट गिगाबिट आहे ना आणि आत साडेतीन इंची डिस्क बसते ना एवढं दुकानातच उघडून बघून घ्या. एकदम छोटे मिनी पीसी वीज कमी खातात पण त्यांच्यात मोठी डिस्क मावत नाही, मग ती यूएसबी केसमध्ये लावावी लागते. त्या केसला स्वतःचा अडॅप्टर असला पाहिजे, नुसत्या यूएसबीच्या करंटवर साडेतीन इंची डिस्क चालत नाही. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर सुद्धा चालतो, त्यालाही हीच अट.

विजेचा हिशोब एकदा करून बघा, कारण हा बॉक्स चोवीस तास चालू राहणार. खूप जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही ४५ वॅट खात असेल तर महिन्याला ३२ युनिट होतात, आणि १२ वॅटचा मिनी पीसी महिन्याला ९ युनिटच्या आत राहतो. दहा वर्षांपूर्वीचा अवजड टॉवर फुकट मिळाला म्हणून लगेच घ्यायचा असं नाही ते एवढ्यासाठीच.

माझा पीसी मी सोप्यावर पेपर पसरून उघडला. पंख्यावर बोटभर धुळीचा थर, पॉवर सप्लायच्या जाळीत पालीची दोन अंडी, आणि मागच्या स्क्रूंना गंज चढलेला. आपल्याकडे बंद पडून राहिलेला पीसी बहुतेक असाच निघतो, म्हणून साफसफाई ही खरी पहिली पायरी समजा. प्लग काढून, कोरडा रंगाचा ब्रश आणि हवेचा ब्लोअर घेऊन सगळं स्वच्छ करा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं गरगर फिरतं आणि बिघडतं. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, आत करंट साठलेला राहतो, बाहेरूनच हवा मारा. बोर्डवर छोटी गोल नळकांडी दिसतात ते कपॅसिटर, ती डोक्याला फुगलेली असली तर तो बोर्ड सोडून द्या. रुपयाच्या नाण्यासारखा बटण सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, तो नवीन टाका, नाहीतर लाईट गेली की पीसी तारीख विसरतो आणि बॅकअपच्या तारखा सगळ्या चुकतात. शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा फुकट प्रोग्राम रात्रभर चालवा. खराब रॅम बाहेरून काहीच दाखवत नाही पण कॉपी होताना फाइली आतल्या आत बिघडवते, आणि ते आपल्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. एक जरी एरर आली तर रॅम बदला.

डिस्क

डिस्क दोन घ्यायच्या, एक बॉक्समध्ये राहील आणि एक बाहेर. घेताना सीएमआर आहे का विचारा, एसएमआर नको; हे डिस्कवर डेटा लिहिण्याचे दोन प्रकार आहेत. एसएमआर प्रकारात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे मोठं लिखाण चालू झालं की डिस्क खूपच मंदावते. डब्ल्यूडी रेड प्लस आणि सीगेट आयर्नवुल्फ या दोन्ही सीएमआर आहेत. सेकंडहँड डिस्क बॅकअपसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे.

आता एक गोष्ट जिथे नवीन माणूस हमखास चुकतो. दोन डिस्क आहेत म्हटल्यावर कोणीतरी सांगतं की दोन्ही बॉक्समध्ये लावून मिररिंग कर, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल, एक गेली तरी दुसरी चालू राहील. बरोबर आहे, पण त्यात एकावर फाइल डिलीट केली की त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते, वीज पडली तर दोन्ही एकाच डब्यात, चोर आला तर दोन्ही एकाच पिशवीत. मिररिंग हे दुकान बंद पडू नये म्हणून असतं, बॅकअप म्हणून नाही. घरच्या बजेटमध्ये दोनच डिस्क परवडत असतील तर दुसरी डिस्क दुसऱ्या घरात राहू दे. जगभर बॅकअपवाले ३-२-१ म्हणतात ते हेच: तीन कॉपी, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन-लॅपटॉपवरची मूळ फाइल ही पहिली, बॉक्समधली दुसरी, आणि आमच्याकडे तिसरी म्हापशाला ताईच्या घरी.

याशिवाय लागेल ते किरकोळ: सिस्टीमसाठी १२० जीबीची छोटी एसएसडी, कॅट ५ई किंवा कॅट ६ ची लॅन केबल, आठ जीबीचा पेनड्राइव्ह, आणि यूपीएस. यूपीएसमध्ये काटकसर नको, त्याचं पुढे सांगतो.

इन्स्टॉल करणं

पीसीला असा फाइलींचा बॉक्स बनवणारं सॉफ्टवेअर लागतं, मी ओपनमीडियावॉल्ट वापरतो. फुकट आहे, डेबियन लिनक्सवर बसवलेलं आहे, आणि एकदा घातलं की पुढचं सगळं ब्राउझरमधून माउसने करता येतं. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर त्यांच्या साइटवरून आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायचं सगळं असलेली एक फाइल) उतरवा आणि रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल हे लक्षात ठेवा.

मग बॉक्सला तात्पुरता मॉनिटर-कीबोर्ड जोडा आणि मोठ्या डिस्कची केबल काढून ठेवा. हे नक्की करा, कारण इन्स्टॉलर ज्या डिस्कवर बसतो ती पूर्ण पुसतो, आणि समोर एकच एसएसडी दिसत असली की चूक व्हायला जागाच राहत नाही. पीसी चालू करताना एफ१२ (काहींमध्ये एफ९ किंवा एफ११) दाबून पेनड्राइव्ह निवडा आणि तो विचारेल ते भरत जा. त्याच वेळी बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडणारी त्याची सेटिंगची पानं) एक सेटिंग करून घ्या, लाईट गेल्यावर परत आली की पीसीने आपोआप चालू व्हायचं. त्याचं नाव बोर्डाप्रमाणे बदलतं पण 'एसी पॉवर लॉस' किंवा 'पॉवर रिकव्हरी' असं काहीतरी असतं. आपल्याकडे पावसात दिवसातून चार वेळा करंट जातो, हे सेटिंग नसेल तर बॉक्स बंद पडून राहतो आणि कोणाला पत्ताच नसतो.

झालं की बंद करून डिस्कची केबल परत लावा, राउटरला लॅन केबल जोडा, मॉनिटर काढला तरी चालेल. राउटरच्या पानावर जाऊन या बॉक्सला कायमचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर) राखून ठेवा, नाहीतर राउटर रिस्टार्ट झाला की पत्ता बदलतो आणि सगळ्यांचे बॅकअप एकदम थांबतात.

आता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. युजर अॅडमिन, पासवर्ड ओपनमीडियावॉल्ट, दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत. आत गेल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलणं. मग क्रमाने, स्टोरेजमध्ये डिस्क पुसून घ्या, फाइल सिस्टीममध्ये जाऊन बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) बनवा आणि माउंट करा, म्हणजे वापरायला जोडा, मग शेअर्ड फोल्डर बनवा, घरातल्या प्रत्येकाला एक युजर आणि पासवर्ड द्या, आणि शेवटी सर्व्हिसेसमध्ये एसएमबी (नेटवर्कवरून फोल्डर उघडायची सोय) चालू करून ते फोल्डर तिथे जोडा. प्रत्येक बदलानंतर वर एक पट्टी येते तिच्यावरची बरोबरची खूण दाबायची, ती दाबेपर्यंत बदल लागू होत नाही, पहिल्या दिवशी माझा अर्धा तास यातच गेला होता.

फोल्डर माणसाप्रमाणे वेगळे ठेवा आणि ज्याचा त्यालाच लिहिण्याचा अधिकार द्या. पासवर्डशिवाय सगळ्यांना उघडं शेअर ठेवायचा मोह होतो, ते नको, विंडोजच्या नव्या आवृत्त्या तसलं शेअर बहुतेक वेळा उघडूही देत नाहीत.

बीटीआरएफएस का, तर त्यात स्नॅपशॉट घेता येतात. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फोल्डर जसा होता तसा गोठवून ठेवणं, जागा फक्त नंतर बदललेल्या भागापुरतीच लागते. शेअर्ड फोल्डरवर रोज रात्री एक स्नॅपशॉट लावून ठेवा. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं तर ते जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद करतं, पण स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, लॅपटॉपवरून त्यात काही लिहिता येत नाही, त्यामुळे कालची प्रत शाबूत राहते. महिनाभराचे स्नॅपशॉट पुरेत.

लॅपटॉप आणि फोन जोडणं

विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी आहे, तिला बॉक्सवरचं आपलं फोल्डर दाखवा, मग ती आपण होऊन दर तासाला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप इथल्या बदललेल्या फाइली घेते. डी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर केलेले असतील तर ते तिच्यात स्वतः घालावे लागतात, हे विसरलं जातं. मॅक असेल तर एसएमबी शेअरमध्ये टाइम मशीनची (मॅकचा स्वतःचा बॅकअप) खूण करा आणि त्या युजरला जागेची मर्यादा घाला, नाहीतर टाइम मशीन डिस्क भरेपर्यंत थांबत नाही.

अँड्रॉइडवर मी फोल्डरसिंक वापरतो, कॅमेऱ्याचा आणि व्हॉट्सअॅप मीडियाचा फोल्डर, घरचं वायफाय आणि चार्जर लागलेला असेल तेव्हाच, आणि एकाच दिशेने, फोनकडून बॉक्सकडे. दोन्ही दिशांनी ठेवू नका, बॉक्सवर झालेली चूक परत फोनवर येते. आयफोनला फोटोसिंक आहे. आई फोन नेहमी रात्री देवघराजवळच्या प्लगला लावते, त्यामुळे तिचा बॅकअप तिला काहीही न शिकवता रोज होतो, घरातल्यांच्या सवयी बघून वेळ ठरवली की असं जमतं.

पहिली कॉपी केबलने करा, वायफायने नको. गिगाबिट लॅनवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे ९०० जीबीला अडीच तासांच्या आत, आणि राउटरचा पोर्ट जुना १०० एमबीपीएसचा असला तर तेच काम बावीस तास खातं. आणि हा हिशोब मोठ्या फाइलींचा, हजारो छोटे फोटो असले की यापेक्षा जास्त वेळ धरा.

पावसाळा

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. जूनच्या पहिल्या गडगडाटातच राउटर, टीव्ही, मोटारपंप जळाल्याच्या गोष्टी प्रत्येक वाड्यावर ऐकू येतात. बॉक्स यूपीएसवर ठेवा आणि राउटरही त्याच यूपीएसवर. साधा ६०० व्हीएचा यूपीएस अशा छोट्या पीसीला दहा-पंधरा मिनिटं सहज काढतो, पण स्वस्तवाल्यांना बहुधा यूएसबी पोर्ट नसतो. थोडे पैसे जास्त घालून पोर्टवाला घ्या, ओपनमीडियावॉल्टमध्ये नट नावाचं प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे ते बॅटरी उतरत आली की बॉक्स स्वतः नीट बंद करतं. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एप्रिल-मे मध्ये तपासून घ्या, जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा सुकला की सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड) असून नसल्यासारखा. आणि वीज अगदी डोक्यावर कडाडत असेल तर बॉक्स बंद करून प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा. एक रात्र बॅकअप झाला नाही तर काही बिघडत नाही.

ओलाव्याचं म्हणाल तर चालू बॉक्स थोडा गरम राहतो म्हणून त्याला फार त्रास होत नाही, जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं दूर आणि मुंग्यांची रांग लागत नाही अशा जागी ठेवा. समुद्राजवळ घर असेल तर खिडकीपासून लांब, खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात. खरा धोका बाहेर ठेवलेल्या डिस्कला. ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि रंग बदलणारी सिलिका घ्या म्हणजे कधी बदलायची ते दिसतं.

दुसरी डिस्क

ओपनमीडियावॉल्टमध्ये यूएसबी बॅकअप नावाचं प्लगइन आहे. दुसरी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून एकदा ईएक्सटी४ (फाइली मांडायची लिनक्सची पद्धत) फॉरमॅट करा, कुठले फोल्डर घ्यायचे ते ठरवून द्या, नंतर डिस्क नुसती जोडली की कॉपी आपोआप सुरू होते. डिलीटचा पर्याय असतो त्याला खूण करू नका, नाहीतर बॉक्सवरून चुकून गेलेलं इथूनही जाईल.

मी महिन्याची संकष्टी धरली आहे. आदल्या रविवारी म्हापशाहून डिस्क आणायची, रात्रभर लावायची आणि संकष्टीला जेवायला जाताना परत द्यायची. कॅलेंडरमधली रिमाइंडर मी चार वेळा पुढे ढकलली असती, संकष्टी पुढे ढकलता येत नाही.

लक्ष ठेवणं आणि दार बंद ठेवणं

स्मार्ट म्हणून एक सेटिंग आहे ते चालू करून डिस्कची छोटी तपासणी आठवड्याला आणि मोठी महिन्याला लावा, आणि नोटिफिकेशनमध्ये आपला ईमेल भरा. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अॅप पासवर्ड बनवावा लागतो. 'रीअॅलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित भागांचा, आकडा शून्यावरून वर सरकायला लागला की वाट न बघता नवी डिस्क आणा.

बाहेरून फाइली बघता याव्या म्हणून राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) उघडून ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या हजारो नॅस बॉक्सवरच्या फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागितले होते. बाहेरून लागतच असेल तर टेलस्केल (आपल्याच उपकरणांना खासगी रस्त्याने जोडणारा प्रोग्राम) वापरा, त्यात पोर्ट उघडावा लागत नाही.

परत काढून बघा

बॅकअप होतोय असं स्क्रीनवर हिरवं दिसतं, पण फाइल खरंच उघडते का हे उघडूनच कळतं. दर तीन महिन्यांनी कुठलीही पाच फोल्डरं निवडून त्यातली एकेक फाइल बॉक्सवरून आणि एकेक बाहेरच्या डिस्कवरून उघडा, व्हिडिओ असेल तर मधूनच चालवून बघा.

आणि एक कागद लिहा. ईएक्सटी४ डिस्क विंडोज वाचत नाही, उलट जोडल्या जोडल्या फॉरमॅट करायचं का असं विचारतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून तिथे हो दाबलं जाऊ शकतं. मी नसताना घरातल्यांना ती डिस्क उघडता आली पाहिजे, म्हणून डब्याच्या झाकणाला आतून मी मराठीत लिहिलेला कागद चिकटवलाय. पहिली ओळ मोठ्या अक्षरांत, 'विंडोज फॉरमॅट विचारेल, कॅन्सल दाबा.' दुसरी, 'डब्यातला निळा पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा.' त्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आहे, इन्स्टॉल न करता तसंच चालतं. मग कुठला फोल्डर कोणाचा, आणि पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे ते.

गेल्या संकष्टीला ताईला तो कागद देऊन मी बाजूला बसलो आणि काही बोललो नाही. ती दुसऱ्याच ओळीवर अडली, लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबायचं मी लिहिलंच नव्हतं. तिने पेनने ते तिथेच वर लिहिलं, परत चालू केला, फोल्डर उघडत उघडत भजनांपर्यंत गेली आणि वाचलेल्या चारपैकी एक लावलं. मृदंग सुरू झाला तशी आतून भाचीने विचारलं, आजोबा गातायत का म्हणून.